आम्ही त्याचे श्रोते होतो, त्याचं सैन्य नव्हतो

प्रति,
मायकल जॅक्सन इस्टेटचे विश्वस्त
आणि सोनी म्युझिकच्या प्रसिद्धी विभागातील सर्व संबंधित अधिकारी यांस,

विषय : ‘हिस्टरी’ अल्बमच्या टीझरमधील लष्करी आणि प्रचारी प्रतिमा

स. न. वि. वि.

मायकल जॅक्सनचा ‘हिस्टरी’ हा दुहेरी अल्बम जून १९९५ मध्ये आला. त्याची हवा तयार करण्यासाठी काही मिनिटांची एक फीत चित्रपटगृहांत आणि टीव्हीवर झळकली होती. दिग्दर्शक होते रूपर्ट वेनराइट, आणि चित्रीकरण झालं ऑगस्ट १९९४ मध्ये, बुडापेस्टला. त्या फितीची जबाबदारी आज तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी मायकलची चाहती आहे आणि चाहतीच्याच हक्काने लिहिते आहे. (आम्ही त्याला एकेरीतच संबोधतो, जवळच्या माणसाला संबोधावं तसं. या पत्रातही तेच ठेवते.) ती फीत दडपून टाका असं माझं म्हणणं नाही. ती जरूर दाखवा. पण दाखवताना तिच्यातल्या प्रतिमा कुठून आल्या, त्या कोणत्या जागी उभ्या केल्या गेल्या आणि त्यावर तेव्हा काय आक्षेप घेतले गेले, हेही सांगा. आणि तिच्यातला मायकलचा तो अजस्र पुतळा निरुपद्रवी बोधचिन्ह असल्यासारखा वापरणं थांबवा.

फीत एकदा पुन्हा डोळ्यांसमोर आणू या. सुरुवातीला ओतशाळा, वितळलेला धातू, ठिणग्या, राबणारे कामगार. मग बुटांचा ठेका ऐकू येतो आणि रांगांमागून रांगा सैनिक दिसू लागतात. हे सैनिक हंगेरीच्या सैन्यातून आणले होते. त्यांच्या पुढे मायकल चालतो आहे, लष्करी पोशाखात, हसत, हात हलवत. दुतर्फा गर्दी आहे. मुली किंचाळतात, रडतात, बेशुद्ध पडतात. एक मुलगा जिवाच्या आकांताने ओरडून सांगतो की मायकल, माझं तुझ्यावर प्रेम आहे. पुढे रात्र होते, हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागतात, आवरण गळून पडतं आणि पुतळा दिसतो. मुठी आवळलेला, आणि इतका उंच की हेलिकॉप्टर त्याच्या दोन पायांमधून आरपार जातं.

ज्या माणसाच्या गाण्यांची ही जाहिरात, त्याचं गाणं मात्र इथे नाही. मागे वाजतं ते बेसिल पोलेडूरिस यांनी १९९० च्या ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ या चित्रपटासाठी रचलेलं समूहगान. एका काल्पनिक सोव्हिएत पाणबुडीसाठी लिहिलेलं, रशियन शब्दांचं, पुरुषी आवाजांचं भारदस्त गाणं. ज्याच्या नुसत्या श्वासावरून, एका हुंकारावरून आम्ही त्याला ओळखत होतो, त्या गायकाची ओळख करून द्यायला एक पलटण आणि उसनं संगीत वापरलं गेलं.

टीका लगेच झाली, आणि सर्वांत जास्त नाव निघालं ते जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनस्टाल यांच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’चं. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूरेंबर्गला झालेल्या नाझी पक्षाच्या मेळाव्यावरचा तो चित्रपट १९३५ मध्ये आला. तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची घडण लगेच ओळखता येते. ढगांतून उतरणारं विमान. गर्दीतले आनंदाने भारावलेले चेहरे, एकेक करून जवळून टिपलेले. त्याच्या उलट, संचलन करणाऱ्यांचे चेहरे जवळपास पुसलेले, नुसत्या रांगा आणि लय. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस बहुतेक वेळा खालून वर पाहिलेला. मैदानातल्या ध्वजस्तंभाला पाळणा बसवून त्यातून कॅमेरा वरखाली नेला होता, जेणेकरून लाखभर माणसांची भौमितिक नक्षी व्हावी. मेळाव्याची आखणी आणि चित्रीकरणाची आखणी बरोबरीने झाली होती. म्हणजे कॅमेरा घडलेली गोष्ट टिपत नव्हता, गोष्टच कॅमेऱ्यासाठी घडवली जात होती.

या चित्रभाषेचं सगळं कौशल्य एकाच कामाला जुंपलेलं असतं. पाहणाऱ्याला ती दोनच जागा देते: एक तर रांगेत, नाही तर कडेला मान वर करून. तिसरी जागा नाही. जो रांगेत नाही आणि मान वर करून रडतही नाही, असा माणूस त्या चौकटीत दिसतच नाही. बुडापेस्टच्या फितीतही तो दिसत नाही.

१४ जून १९९५ ला अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर पत्रकार डायन सॉयर यांनी मायकलला याबद्दल थेट विचारलं. त्याने फॅसिझमशी, राजकारणाशी, कुठल्याही विचारसरणीशी संबंध नाकारला. हे प्रेमाबद्दल आहे, असं तो म्हणाला, आणि यात रणगाडे दिसत नाहीत, तोफा दिसत नाहीत, याकडे त्याने लक्ष वेधलं. तो मनापासून बोलत होता याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा मुद्दा मात्र त्याच्या विरोधात जातो. रीफेनस्टालच्या चित्रपटातही कुठे लढाई नाही. रक्त नाही, प्रेत नाही. तिथेही हसरी मुलं आहेत, फुलं आहेत, खिडक्यांतून हात हलवणाऱ्या बायका आहेत. प्रचारपट बंदुकीच्या धाकाने नव्हे, लोकांच्या उमाळ्याने पडदा भरून काढतो, आणि तो उमाळा एका माणसाच्या पायाशी नेऊन ठेवतो. तेव्हा तोफा नव्हत्या, या उत्तराने त्या आक्षेपाचं निरसन होत नाही.

आता जागेबद्दल लिहिते, कारण मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, आणि यावर फार कमी बोललं गेलं आहे.

संचलन ज्या परिसरात चित्रित झालं तो वीरांचा चौक, हंगेरियन भाषेत हॉशोक तेरे, हा नुसता देखणा देखावा नाही. मॅग्यार टोळ्या, म्हणजे हंगेरियन लोकांचे पूर्वज, त्या प्रदेशात येऊन हजार वर्षं झाली म्हणून १८९६ च्या उत्सवाच्या निमित्ताने तिथलं स्मारक उभारायला घेतलं. पुढे ज्याची ज्याची सत्ता आली त्याला हा चौक आपल्या रंगात रंगवावासा वाटला. १९१९ च्या अल्पायुषी साम्यवादी राजवटीने १ मे साजरा करताना हे स्मारक लाल कापडाने झाकून टाकलं होतं. १९५१ मध्ये इथून चालत जाण्याच्या अंतरावर, शहर-उद्यानाच्या कडेला, स्टालिनचा ८ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी जागा करायला एक चर्च पाडलं गेलं. पुतळ्याखालचा चबुतरा म्हणजे एक सज्जाच होता, आणि त्या सज्जात उभं राहून पुढारी समोरून जाणाऱ्या संचलनाची मानवंदना घेत.

२३ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री बुडापेस्टच्या लोकांनी तो पुतळा पाडला. चौथऱ्यावर उरले ते फक्त बूट. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले आणि तो उठाव चिरडला गेला. अडीच हजारांच्या आसपास हंगेरियन माणसं मारली गेली, सुमारे दोन लाख देश सोडून गेली. त्या दिवसांत पंतप्रधान असलेल्या इम्रे नॉज यांना १६ जून १९५८ ला फाशी दिलं आणि निनावी पुरून टाकलं. १६ जून १९८९ ला त्यांना सन्मानाने पुन्हा दफन करण्यात आलं. शवपेट्या ठेवल्या होत्या त्या याच वीरांच्या चौकात. स्तंभांवर काळं कापड चढवलं होतं आणि लाखांवर माणसं तिथे उभी होती. त्यांना कुणी रांगेत उभं केलं नव्हतं, ती आपणहून आली होती. शेवटचे सोव्हिएत सैनिक हंगेरीतून गेले जून १९९१ मध्ये. १९९३ मध्ये शहराने साम्यवादी काळातले उतरवलेले पुतळे शहराबाहेर मेमेंटो पार्कमध्ये नेऊन ठेवले, जेणेकरून ते विसरले जाऊ नयेत आणि पुजलेही जाऊ नयेत.

आणि ऑगस्ट १९९४ मध्ये त्याच चौकात सैनिकांच्या रांगा चालवल्या गेल्या, त्याच रस्त्याच्या कडेला लोकांना जयजयकार करायला उभं केलं गेलं, आणि पडद्यावर त्याच शहरात एका माणसाचा राक्षसी आकाराचा पुतळा उभा राहिला.

चित्रीकरणाला परवानगी होती, लोकांना काम मिळालं, शहरात उत्साह होता, हे सगळं मान्य. मायकल त्या भेटीत मुलांच्या इस्पितळात गेला, एका आजारी मुलाच्या यकृत-प्रत्यारोपणाला त्याने मदत केली, हेही खरं आहे आणि त्या शहराने ते लक्षात ठेवलं आहे. पण त्या गर्दीत पन्नाशी उलटलेला जो कुणी असेल, त्याने स्टालिनसाठीचं संचलन पाहिलेलं असणार, कदाचित शाळकरी वयात त्यात पावलंही टाकली असणार. त्याच्या आठवणीचं या फितीत काय झालं? तिचा निव्वळ पोत वापरला गेला. दगड, स्तंभ, गणवेश, पूर्व युरोपचा तो करडा प्रकाश. आशय सांडून दिला आणि वेष्टन ठेवलं.

पुढे प्रागमध्ये हेच पुन्हा घडलं. ‘हिस्टरी’ची जागतिक सफर ७ सप्टेंबर १९९६ ला तिथल्या लेत्ना टेकडीवर सुरू झाली. त्याच टेकडीच्या काठावर १ मे १९५५ ला स्टालिनच्या प्रचंड स्मारकाचं अनावरण झालं होतं. शिल्पकार ओताकार श्वेत्स यांनी अनावरणाआधीच स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. १९६२ मध्ये ते स्मारक सुरुंग लावून उडवण्यात आलं, चौथरा मात्र राहिला. १९९६ मध्ये त्या चौथऱ्यावर मायकलचा दहा-एक मीटरचा पुतळा काही दिवस उभा होता. तो कुणी मुद्दाम तिथे नेला की मोकळी, उंच, सगळीकडून दिसणारी जागा म्हणून निवडला, याने मला फरक पडत नाही. ती जागा मोकळी का होती, हे विचारणारं तुमच्या खात्यात कुणीच नव्हतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

लंडनमध्ये थेम्स नदीतून, टॉवर ब्रिजजवळून, असाच पुतळा तराफ्यावर मिरवत नेला तेव्हा तो प्रसिद्धीचा एक भव्य खेळ होता. तिथे त्या पुतळ्याला मागचा इतिहास चिकटत नव्हता. पुतळा तोच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो, हे प्रसिद्धीचं काम करणाऱ्यांना मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. फितीच्या सुरुवातीला एक निवेदन ऐकू येतं, एस्पेरांतो भाषेत. जगातली वेगवेगळी राष्ट्रं मिळून ही शिल्पाकृती घडवत आहेत, जागतिक मातृत्व, प्रेम आणि संगीताची बरं करण्याची ताकद यांच्या नावाने, असा त्याचा आशय. हे ऐकून मला आधी आनंद झाला होता. कुठल्याच देशाची नसलेली, सगळ्यांना सोपी जावी म्हणून घडवलेली भाषा मायकलच्या फितीत यावी, यात एक सुंदर कल्पना आहे. पण त्या भाषेचं पुढे काय झालं ते पाहा. तिचा निर्माता लुडविक झामेनहोफ हा पोलंडमधला ज्यू डोळ्यांचा डॉक्टर. तो १९१७ मध्ये वारला. त्याच्या तिन्ही मुलांना नाझींनी मारलं. मुलगा अ‍ॅडम याला १९४० मध्ये गोळ्या घातल्या, सोफिया आणि लिडिया या दोघी मुलींचा ट्रेब्लिंकाच्या छावणीत अंत झाला. हिटलरने आपल्या पुस्तकातच एस्पेरांतोला ज्यूंचं कारस्थान म्हटलं होतं. दुसरीकडे स्टालिनच्या राजवटीत १९३७-३८ च्या दहशतीत एस्पेरांतो बोलणाऱ्यांना हेर ठरवून पकडलं, छावण्यांत पाठवलं, अनेकांना मारलं.

म्हणजे ज्या दोन राजवटींच्या चित्रभाषेतून ही फीत उभी राहिली, त्या दोन्ही राजवटींनी ही भाषा बोलणाऱ्यांना संपवलं. आणि त्याच भाषेत पुतळ्याची प्रशस्ती. लिहिणाऱ्याचा, दिग्दर्शकाचा, मायकलचा असा हेतू असेल हे मी क्षणभरही मानत नाही. पण हेतू नसताना हे होऊ शकतं, हीच तर काळजीची गोष्ट आहे. सगळ्या देशांची वेशभूषा आणि सगळ्या काळांचे आवाज हे एका मोठ्या कपाटात टांगलेले कपडे आहेत, हवं ते काढावं आणि चढवावं, असं समजून काम केलं की असंच होणार.

मायकलच्या लष्करी जॅकेटवर माझा रोष नाही, हे स्पष्ट करायला हवं. १९८४ च्या ग्रॅमी समारंभातला चमचमता निळा कोट, खांद्यावरच्या झालरी, सोनेरी पट्टे, हे सगळं आमच्या डोळ्यांत घर करून आहे. त्याआधी साठच्या दशकात लंडनच्या गायकांनी जुने गणवेश दुकानांतून विकत घेऊन मंचावर घातले होते. जिमी हेंड्रिक्सने छातीवर गोफ विणलेला जुना हुसार पद्धतीचा कोट घातला. आणि ते हुसार मुळात हंगेरीचे घोडेस्वार. एकटा गायक सैनिकाचा कोट घालतो तेव्हा तो गणवेशाचा गणवेशपणाच काढून घेतो. शेकडोंनी घालायची वस्तू एकाच्या अंगावर आली की ती नटण्याची वस्तू होते. बुडापेस्टच्या फितीत याच्या अगदी उलट झालं. त्याच्यामागे खरे सैनिक उभे केले आणि त्याच्या कोटाला पुन्हा गणवेश करून टाकलं.

त्याच अल्बमचं दुसरं काम याहून किती वेगळं आहे! ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’साठी तो १९९६ मध्ये स्पाइक ली यांच्यासोबत ब्राझीलला गेला. रिओच्या डोना मार्ता वस्तीत आणि साल्वादोरच्या पेलोरिन्यो भागात. गरिबी जगासमोर येईल म्हणून रिओतल्या काही अधिकाऱ्यांनी त्या चित्रीकरणाला विरोध केला होता. साल्वादोरच्या ओलोदुम या ढोलपथकाच्या वादकांच्या गराड्यात तो नाचतो, गच्चीवरून, गल्लीतून, लोकांच्या हातांना हात लावत. तिथेही शेकडो माणसं एका तालावर आहेत, पण ती कुणाच्या पायाशी नाहीत. ढोल त्यांचे आहेत, गल्ली त्यांची आहे, आणि मायकल पाहुणा आहे. किंवा ‘हिस्टरी’च्या जागतिक सफरीतलं ‘अर्थ साँग’चं सादरीकरण आठवा. मंचावर रणगाडा येतो, त्यातून सैनिक उतरतो, बंदूक रोखतो. मायकल ती बंदूक हळूहळू खाली करायला लावतो. सैनिक रडू लागतो आणि एक लहान मूल त्याला फूल देतं. त्या सफरीत तो १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईलाही आला होता, तेव्हा आमच्यातल्या अनेकांसाठी हे काही दूरच्या देशातलं प्रकरण नाही. युद्धाची प्रतिमा वापरून युद्धाविरुद्ध बोलता येतं, हे त्याला नीट कळत होतं. म्हणूनच टीझरबद्दल त्याला लहान मुलासारखं माफ करून पुढे जाणं मला त्याचा अपमान वाटतो.

आणि तो चूक दुरुस्त करू शकत होता. जून १९९५ मध्येच ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’च्या मूळ शब्दांत ज्यूंना दुखावणारे उल्लेख आहेत म्हणून गदारोळ झाला. त्याने आपला हेतू उलटा होता हे सांगितलं, माफी मागितली आणि ते शब्द बदलून पुन्हा गायलं. शब्दांच्या बाबतीत आक्षेप ऐकला गेला, चित्राच्या बाबतीत नाही. गाण्यातले दोन शब्द गायक एका दुपारी पुन्हा गाऊ शकतो. कोट्यवधी डॉलर ओतलेली फीत, अनेक शहरांत उभे केलेले पुतळे आणि मुखपृष्ठावर छापलेलं चित्र मागे घेणं हे कंपनीचं काम होतं. ते कंपनीने केलं नाही.

यावर चाहत्यांमधूनच येणारं एक उत्तर मला ठाऊक आहे. १९९३ च्या, एका मुलाच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांनंतर तो कोसळला होता, जगभर त्याची विटंबना चालली होती, आणि त्या माणसाला आपण अजिंक्य दिसावं असं वाटलं तर त्यात काय वाईट? ते आरोप, त्यानंतरचा समझोता, पुढची प्रकरणं यांवर निवाडा देण्याची ही जागा नाही. पण समजा हे उत्तर खरं आहे. मग तर प्रश्न आणखी गंभीर होतो. ज्याच्यावर प्रश्न उभे राहिले आहेत अशा शक्तिमान माणसाने उत्तरादाखल पलटण आणि पुतळा दाखवावा, आणि आम्ही चाहत्यांनी दोन्ही बाजूंना उभं राहून रडावं. या फितीत मायकलपेक्षा आम्ही जास्त वेळ दिसतो. आमच्याच प्रेमाचं चित्र आहे हे, आणि त्या चित्रात आमच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर विचार करत असल्याची खूण नाही. माझा खरा राग यावर आहे. आम्ही त्याची गाणी एकेकटे ऐकली, रात्री, कानाला हेडफोन लावून. त्यातल्या भीतीशी, एकटेपणाशी आमचं नातं होतं. त्या नात्याचं तुम्ही संचलन केलंत.

तुम्ही म्हणाल की तीस वर्षांपूर्वीची गोष्ट उकरून काय मिळणार. मिळणार ते हे, की तो धडा अजून शिकलेला दिसत नाही. २०१४ मध्ये निकी मिनाज हिच्या ‘ओन्ली’च्या चित्रफितीत लाल पट्टे, झेंडे, सैनिकांच्या रांगा आणि उंच आसनावर ती, असं सगळं आलं, तेही क्रिस्टलनाख्टच्या, म्हणजे १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंवर केलेल्या हल्ल्यांच्या रात्रीच्या, स्मरणदिनाच्या तोंडावर. तिने माफी मागितली, दिग्दर्शकाने माफी मागायला नकार दिला. २०१६ मध्ये जपानच्या केयाकिझाका-४६ या मुलींच्या गटाने नाझी गणवेशाशी मिळताजुळता पोशाख घातला आणि सोनी म्युझिकलाच माफी मागावी लागली. त्या मुलींनी तो पोशाख स्वतः शिवला नव्हता. कुणीतरी काढलेल्या आराखड्याला कुणीतरी मंजुरी दिली असणार. पहिल्या टेबलावर प्रश्न विचारला गेला असता तर त्या कोवळ्या मुलींवर ती वेळ आली नसती.

उलटं उदाहरणही बोलकं आहे. २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर मॅडोनाने ‘अमेरिकन लाइफ’ची युद्धविरोधी चित्रफीत मागे घेतली. २०१२ मध्ये केटी पेरीची ‘पार्ट ऑफ मी’ खऱ्या मरीन सैनिकांसोबत, कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर चित्रित झाली आणि बिनधोक चालली. सैन्याला प्रश्न विचारणारी प्रतिमा धोक्याची आणि सैन्याचा दिमाख दाखवणारी प्रतिमा बिनधोक, असा या धंद्याचा अलिखित नियम होऊन बसला आहे. तो मोडण्याची ताकद तुमच्याएवढी फार थोड्यांकडे आहे.

बुडापेस्टमध्ये मायकलचं आणखी एक स्मारक उभं राहिलं. एर्झेबेत चौकात, तो ज्या हॉटेलात उतरायचा त्याच्या समोर, एका झाडाच्या बुंध्यावर चाहत्यांनी त्याची छायाचित्रं आणि चिठ्ठ्या लावल्या. कुणी आखणी केली नाही, कुणी अनावरण केलं नाही. त्या शहराचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असा माझ्या पत्राचा कुणी अर्थ काढू नये म्हणून हे मुद्दाम नोंदवते. प्रेम होतं आणि आहे. त्याला पलटणीची गरज नव्हती.

आता माझ्या मागण्या सांगते. यापुढे ती फीत तुमच्या अधिकृत माध्यमांतून, प्रदर्शनांतून किंवा नव्या आवृत्तीतून दाखवाल तेव्हा तिच्याआधी एक प्रास्ताविक जोडा. जर्मनीत ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ अशाच अभ्यासपूर्ण प्रास्ताविकासह दाखवण्याची पद्धत आहे. दोन्ही फिती एका मापाच्या आहेत असं मी म्हणत नाही, पण पद्धत चांगली आहे आणि ती उचलायला लाज नसावी. वीरांच्या चौकाचा आणि लेत्ना टेकडीचा इतिहास त्या प्रास्ताविकात यावा, आणि तो हंगेरियन व चेक इतिहासकारांकडून लिहून घ्यावा.

त्या चित्रीकरणात जे सैनिक, कामगार, तंत्रज्ञ आणि गर्दीतली माणसं होती, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. तेव्हा विशीत असलेले आज पन्नाशीच्या पुढे आहेत, अजून उशीर झालेला नाही. संकल्पना ठरवताना कोणती चित्रं, कोणते चित्रपट समोर ठेवले होते, ती कागदपत्रं अभ्यासकांना खुली करा. पुतळ्याची प्रतिमा विक्रीच्या वस्तूंवरून काढून घ्या. ती संग्रहात असू द्या, शेजारी माहितीची पाटी असू द्या.

आणि आज तुमच्याकडे जे तरुण गायक-गायिका आहेत, त्यांच्या जाहिरातीत जेव्हा गणवेश, झेंडे, रांगा किंवा पुतळा यायचा असेल, तेव्हा चित्रीकरणाच्या आधी त्या देशाचा इतिहास जाणणाऱ्या एका माणसाला बोलवा आणि आराखडा नाकारण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. कोट्यवधींच्या खर्चात त्याचं मानधन नगण्य असेल.

उत्तर खासगी नको, जाहीर द्यावं. पहिल्या दोन मागण्यांना किती वेळ लागेल एवढं जरी त्यात असलं, तरी इतर चाहत्यांपर्यंत ते पोहोचवण्याचं काम मी करीन.

कळावे,
मायकलची एक श्रोती